साइडकारची तपासणी

नवऱ्याचे डोळे एकदम गेले नाहीत. आधी त्याला तिन्हीसांजेचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि शेवटी समोरचंही. या सगळ्याला चार वर्षं लागली. सार्सची साथ येऊन गेली त्या सुमारास, एकेकाळी रोज स्कूटरवरून बँकेत जाणारा हा माणूस पांढरी काठी घेऊन क्वीन्सटाउनमधल्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट शोधायला शिकत होता.

स्कूटर खाली कव्हर घालून उभी होती. एका संध्याकाळी जेवताना मी धीर करून म्हटलं, "विकून टाकू या का?"

"विकायची कशाला? तू चालव. मी बाजूला बसतो."

"बाजूला कुठे?"

"साइडकारमध्ये."

मागच्या सीटवर बसणं त्याला जमत नव्हतं. मित्राच्या मागे एकदा बसून पाहिलं होतं त्याने. वळण कधी येणार ते कळेना, तो भलतीकडेच झुकायचा आणि स्कूटर हेलकावे खायची. मित्र बिचारा घामाघूम झाला होता. साइडकारमध्ये झुकायचा प्रश्नच नव्हता. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं.

साइडकार आली ती लाकडी खोक्यातून, सुटी सुटी. शहराच्या हौगांग भागात एका चिनी अंकलचं लहानसं गॅरेज होतं. माझा नवरा त्यांचं जुनं गिऱ्हाईक. रविवारी गॅरेजचा एक कोपरा त्यांनी आम्हाला दिला आणि म्हणाले, "यू डू. आय सी. राँग, आय शाउट."

घरून मी जुनं आप्पेपात्र नेलं होतं. त्याच्या प्रत्येक खळग्यात एका मापाचे नट आणि बोल्ट. नवरा बोटांनी चाचपून बरोबर हवा तोच उचलायचा. वायरिंगचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं. मी रंग सांगायची आणि तो त्या वायरला दोरा गुंडाळून गाठी मारायचा. इंडिकेटरला एक गाठ, ब्रेकच्या दिव्याला दोन, मागच्या दिव्याला तीन. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी एकाग्रता दिसली. मी पक्कड हातात धरून नुसती बघत उभी राहायची.

साइडकारचं चाक स्कूटरच्या चाकांशी नेमक्या कोनात बसावं लागतं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. अंकलनी त्यासाठी कपडे वाळत घालायचे दोन लांब बांबू आणले, चाकांना टेकवून जमिनीवर ठेवले आणि पुढचं नि मागचं अंतर मोजायला सांगितलं. मग गॅरेजमागच्या अंगणात मी चक्कर मारली, नवरा साइडकारमध्ये.

"अजून डावीकडे ओढतेय," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"तू बोलायची थांबलीस. जोर लावायला लागलीस की तू गप्प होतेस."

आम्ही पुन्हा बोल्ट सैल केले. तीन रविवार त्यातच गेले.

सरकारी तपासणीत पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती, म्हणून तपासणीच्या दिवशी अंकलच्या लॉरीवर चढवून गाडी केंद्रावर नेली. तिथला अधिकारी तरुण आणि नीटनेटका होता. त्याने ब्रेक बघितले, सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली, चाकापाशी वाकला. मग मला दिवे लावायला सांगून तो मागे गेला.

"साइडकारचा मागचा दिवा लागत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "आज पास करता येणार नाही."

नवऱ्याचा चेहरा उतरला. "माझंच काहीतरी चुकलं असणार," तो मराठीत पुटपुटला. "आंधळ्याने वायरिंग करायला जाऊच नये."

हा शब्द त्याने स्वतःसाठी तोवर कधी वापरला नव्हता. दर रविवारी निघताना तो विचारायचा, "सगळे दिवे लागतायत ना?" आणि मी हो म्हणायची. शेवटच्या रविवारी मी दमले होते. स्कूटरचा दिवा लागलेला दिसला आणि वळसा घालून पलीकडे न जाताच मी हो म्हणाले होते. नोकरीत दिवसभर मालाची तपासणी करणारी मी!

"चूक तुझी नाही," मी म्हटलं. "मी बघितलंच नव्हतं. न बघता हो म्हणाले."

हात पुढे करून त्याने माझा खांदा शोधला. "मग एवढं कर," तो म्हणाला. "बघितलं नसेल तर बघितलं नाही म्हण. बाकी मी सांभाळून घेतो. तेवढ्यावरच तर मी चालतो आता."

मी नुसती मान हलवली. मग ती त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन मोठ्याने "हो" म्हटलं. अंकल तोंड फिरवून लॉरीची दोरी सोडत होते.

वायर फक्त सैल झाली होती. नवऱ्याने ती घट्ट बसवली, मी गुडघे टेकून दिवा पाहिला, हात लावून पाहिला. पुढच्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्याने गाडी पास केली. कागद माझ्या हातात देताना त्याने नवऱ्याकडे बघून विचारलं, "सर, हे सगळं तुम्ही जोडलंत?"

"आम्ही दोघांनी," नवरा म्हणाला.

परतताना लॉरीची गरज नव्हती. मी इतकी हळू चालवत होते की बसमधली माणसं वाकून आमच्याकडे बघत होती. एका सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "अंकल, व्हेअर यू गोइंग?"

नवऱ्याने आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "आस्क हर, लाह," तो इथल्या लोकांसारखा शेवटी 'लाह' लावून म्हणाला, आणि हेल्मेटखाली हसत राहिला.

घराचं वळण आलं तेव्हा मी विचारलं, "आत घेऊ?"

"एवढ्यात नको," तो म्हणाला. मी सरळ पुढे नेली.