जयूला कुठे लागलंय?

फोन सकाळी आला. मी मस्कतमध्ये, दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्याशी सुरमई साफ करत होते, हात हळद-मिठाने माखलेले, म्हणून फोन कान आणि खांद्यामध्ये धरला. अल मवालेहच्या भाजी मार्केटमध्ये जयू ज्या कोल्ड स्टोअरवर होता, तिथला माणूस बोलत होता. “भाभीजी, साब घर पे हैं क्या? वो जयवंतभाई को…” एवढं म्हणून तो थांबला आणि मी विचारलं, “कहाँ लगा है?” “अरे बोलो ना, हाथ है कि पैर?” मी पुन्हा विचारलं. मनातल्या मनात मी गॅस बंद करून, पर्स उचलून हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचलेही होते. तेव्हा तो बिचारा रडायलाच लागला. माझा दीर गेला होता, आणि मी विचारत होते कुठे लागलंय म्हणून. याला आता दीड महिना होईल. अजून फोन वाजला की माझ्या तोंडात पहिला तोच प्रश्न येतो.

जयवंत, आमच्या यांचा धाकटा भाऊ, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मस्कतला आला तो व्हॉलीबॉल खेळायला. घरी कोणालाच हे खरं वाटलं नव्हतं. दापोलीकडच्या आमच्या गावात हा खेळ शाळेच्या मागे, जांभ्याच्या मोकळ्या कातळावर चालायचा आणि त्यात कोणी पोट भरेल असं माझ्या सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याची नजर काढली असती. पण इथल्या एका मोठ्या कंत्राटदार कंपनीचा मालक व्हॉलीबॉलचा वेडा होता. त्याच्या टीममध्ये केरळची मुलं होती, दोन-चार ओमानी होते, आणि त्याला एक सेटर हवा होता. आमचे हे त्याच कंपनीत अकाउंट्सला. यांनी शब्द टाकला आणि जयू आला. व्हिसावर ‘स्टोअर असिस्टंट’, कामाला मात्र सकाळी तासभर गोदामात डोकावायचं आणि उरलेला दिवस कोर्टावर. निघताना सासूबाईंनी मला फोनवर सांगितलं, “अगो, याला धड पाठवतेय, धड ठेव.” ही जबाबदारी त्यांनी पोटच्या थोरल्या मुलावर न टाकता माझ्यावर का टाकली, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर विचारायची सोय राहिली नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. टाळ्या मिळतात त्या उंच उडी मारून चेंडू आपटणाऱ्याला. सेटर म्हणजे तो चेंडू त्याच्यासाठी बोटांवर अलगद उचलून देणारा. कोणाला द्यायचा ते त्याने ठरवायचं, आणि मुख्य म्हणजे समोरच्यांना आपल्या अंगावरून ते कळू द्यायचं नाही. जयू डावीकडे बघायचा, डावीकडे वळायचा, आणि चेंडू पाठीमागे गेलेला असायचा. समोरची माणसं भलतीकडे उड्या मारून मोकळी. या कामात तो इतका मुरला होता की घरीदारीही त्याचा चेहरा वाचता येत नसे. एकदा बोट निखळलेलं असताना आमच्याकडे येऊन गणपतीच्या आरतीत झांजा वाजवून गेला आणि कोणाला पत्ता लागला नाही.

मला मात्र लागला. त्याने त्या दिवशी माझ्या वाटाण्याच्या उसळीचं कौतुक केलं होतं. एरवी हा गृहस्थ माझ्या हातचं खाताना नावं ठेवल्याशिवाय घास गिळत नसे. आमटीत कोकम जास्त, भात गिच्च, “वहिनी गो, नारळ महाग झालाय का मस्कतात?” असं चालायचं. कौतुक केलं की समजायचं, याला कुठेतरी लागलंय आणि हा बाकीच्या गोष्टींवर समाधान मानून घेतोय. आरती झाल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हटलं, “भावोजी, हात दाखवा.” तो हसला. पण दाखवला. त्या पहिल्या प्लॅस्टरपासून माझं भावोजी-तुम्ही संपलं आणि अरे-जयू सुरू झालं.

पुढची सात-आठ वर्षं मी काळजीवर काढली. बोटं झाली, घोटा झाला, मग जाळीखाली दुसऱ्याच्या पायावर उतरला आणि गुडघा आतून गेला. सामने बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी असत. हे पुढच्या रांगेत बसत, मी मागे गाडीत, काच थोडी खाली करून, कोर्टाकडे पाठ. लोक मला हसायचे. पण मला पाहण्यापेक्षा ऐकणं सोसायचं. गलका चालू आहे तोवर माझं विणकाम चालू. गलका एकदम थांबला की समजायचं, कोणीतरी पडलंय, आणि पडणारा बहुतेक आपलाच. मग पुन्हा टाळ्या यायच्या, म्हणजे तो उठला. एकदा टाळ्या आल्याच नाहीत. तो गुडघ्याचा दिवस. मी सुया-लोकर टाकून धावले तर हा स्ट्रेचरवरून मला म्हणतो, “काल पाठवलेली सोलकढी काय फक्कड झाली होती गो.” मी तिथेच रडायला लागले. कौतुक करतोय, म्हणजे चांगलंच लागलं होतं.

दुखणं लपवण्याला कारणही होतं. खेळणारा माणूस खेळेनासा झाला की कंपनीला त्याची गरज नाही, आणि कंपनीला गरज नाही म्हणजे व्हिसा खलास. घरी आई, पुढे बायको, मग मुलगी. पण ज्याला नोकरी टिकवायची तो माणूस गप्प राहतो, वरिष्ठांशी नीट वागतो. हा तेही करीना. जूनमध्ये भर दुपारी मॅनेजरने सराव लावला, तर हा कोर्टाच्या मधोमध मांडी घालून बसला. मॅनेजर ओरडला, “यल्ला, चलो, खेलो.” जयू म्हणाला, “पहले आप आके खडे रहो.” हळूहळू सगळी टीम बसली. सराव संध्याकाळी झाला, पण मॅनेजरने ते गाठीला बांधून ठेवलं. घरी यांनी त्याला फैलावर घेतलं, “मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. माझं तोंड काळं करू नकोस.” जयू म्हणाला, “दादा, तुझं तोंड एसीत बसून गोरं राहिलंय, राहू दे.” दोघं भाऊ महिनाभर माझ्यामार्फत बोलत होते.

खरा स्फोट झाला तो कंपन्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. मालकाचा पुतण्या तारिक टीममध्ये होता, उंच, देखणा, स्वभावाने गोड पोरगा. मालक पहिल्या रांगेत बसणार म्हणून मॅनेजरने आधीच सांगून ठेवलं होतं, शेवटचे चेंडू तारिकला द्यायचे. जयूने दोन दिले. दोन्ही बाहेर गेले. तिसऱ्या वेळी त्याने तारिककडे पाहिलं, तारिकने उडी घेतली, आणि चेंडू मागे बिजू नावाच्या बुटक्या इलेक्ट्रिशियनकडे गेला. बिजूने तो मोकळ्या जागेत मारला आणि सामना जिंकला. हे मला नंतर यांनी सांगितलं, कारण मी अर्थातच गाडीत होते. मालकाने जयूला मिठी मारली. तारिकने खांद्यावर घेतलं. मॅनेजरने मात्र शनिवारी त्याला दूर वाळवंटातल्या इब्रीच्या पलीकडच्या साइटवर पाठवलं. मालक एव्हाना परदेशी गेलेला, विचारणार कोणाला? तिथे वाळू, पत्र्याच्या खोल्या आणि सिमेंटच्या गोणी. धड न झालेला गुडघा घेऊन माझा दीर गोणी मोजत बसला.

तो काळ माझ्यासाठी सर्वांत वाईट. समोर असता तर जेवायला वाढून कळलं असतं. फोनवर काय कळणार? मी विचारायची, “जेवलास का? कसं होतं?” तो म्हणायचा, “बेकार.” मग मला बरं वाटायचं. यांना मी रोज म्हणायची, काहीतरी करा. हे पेपरात डोकं घालून बसायचे. माझा यांच्यावरचा राग तेव्हापासूनचा. वर्षभराने दुसऱ्या एका कंपनीने जयूला मागितलं. आधीच्या कंपनीचं ना हरकत पत्र मिळाल्याशिवाय इथे तेव्हा नोकरी बदलता येत नसे, आणि मॅनेजर ते देणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण मिळालं. कसं मिळालं ते जयूने सांगितलं नाही. आमचे हे तर बोलून चालून मौनीबाबा.

नव्या टीममध्ये तो खांदा निकामी होईपर्यंत खेळला. इंजेक्शन घेऊन खेळला, डॉक्टरांनी नको म्हटल्यावर खेळला, आणि एक दिवस हात डोक्याच्या वर जाईना तेव्हा थांबला. मी पेढे वाटले. अक्षरशः वाटले, शेजारच्या मल्याळी बाईंना कळेना की कसले. पुढे तो अल मवालेहला भाज्या-फळं आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे लागला, कोल्ड स्टोअर सांभाळायला. त्याची बायको स्मिता आणि लेक गावीच होत्या, त्यामुळे शुक्रवारी जेवायला आमच्याकडे. टोमॅटोची पेटी घेऊन यायचा आणि माझ्या आमटीला नावं ठेवायचा. मला वाटलं, सुटलो. आता याला पडायला जागाच नाही.

शेवटचा शुक्रवारही तसाच गेला. रमजानचा हंगाम, मार्केटला श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी आला. जरा थकलेला होता. मी निरखून पाहिलं. त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, “वहिनी गो, आमटी आहे की नळाचं पाणी?” मी निश्चिंत झाले. जाताना दारात थोडा थांबला, चपला घालायला वेळ लावला, म्हणाला, “येतो.” मंगळवारी तो फोन आला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

गावी जाऊन, तेरावं करून आम्ही परत आलो. घरात दोघंच. मी पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, “पण त्या शुक्रवारी त्याने आमटीला नावं ठेवली हो. ठेवली ना? तुम्हीही ऐकलंत.” दहाव्यांदा म्हटलं असेन. यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, “त्याला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“सगळंच. दोन महिन्यांपूर्वी छातीत दुखलं, मीच घेऊन गेलो होतो डॉक्टरांकडे. नळी घालून तपासायला सांगितलं होतं. म्हणाला, रमजान आटपला की मुंबईला जाऊन करतो. आणि तुला सांगायचं नाही म्हणाला. वहिनी झोपणार नाही म्हणाला.” मग पेपरची घडी घालत म्हणाले, “आमटीचंही ठाऊक होतं त्याला. तू कशावरून ओळखतेस ते. पायऱ्या चढताना मला म्हणाला होता, आज आठवणीने नावं ठेवायला हवीत.”

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला दोघांचाही भयंकर राग आला. मेलेल्याचा जास्त आला. इतकी वर्षं मी समजत होते की मस्कतात त्याला वाचणारी मी एकटीच, आणि त्याने माझ्यासमोर बसून, माझ्या हातचं जेवून, मला भलतीकडे उडी मारायला लावली. आणि हे? ज्यांच्याशी त्याचं धड बोलणं नव्हतं, त्यांना त्याने सांगितलं. का, तर हे ओरडणार नाहीत, रडणार नाहीत, पेढे वाटणार नाहीत. त्याच बोलण्यात इब्रीचंही निघालं. ते ना हरकत पत्र मिळावं म्हणून हे मॅनेजरच्या केबिनबाहेर रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत उभे राहत होते, कित्येक महिने. मला म्हणायचे कँटीनमध्ये बसून डबा खाल्ला. मी डबा देत होते तो कोण खात होतं, देव जाणे.

मी यांच्याशी बोलणं टाकलं. चहा समोर ठेवायचा, उचलून न्यायचा. आठवडाभर असंच. मग एका सकाळी हे ऑफिसला निघाले, बूट घातले, आणि दारात उभे राहून भिंतीकडे बघत म्हणाले, “गुडघा थोडा दुखतोय. छातीत काही नाही. रात्री झोप लागली.” आणि गेले. मला आधी वाटलं, टोमणा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. “आज पित्त झालंय. बाकी ठीक.” तेव्हापासून रोज. मी विचारत नाही, हे सांगतात, शाळेत हजेरी द्यावी तसं. जयूच्या बाबतीत जे करायचं राहिलं ते हा माणूस माझ्यासाठी आता रोज दारात उभा राहून करतो, हे मला कळायला आणखी काही दिवस गेले. मग मी “बरं” म्हणायला लागले.

परवा हजेरी झाली. मी बरं म्हटलं. हे गेले नाहीत. लॅचवर हात तसाच ठेवून म्हणाले, “आणि तुझं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. उत्तर तयार होतं, “मला काय धाड भरलीय.” आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गेले काही महिने बाजारातून येताना मी दुसऱ्या मजल्यावर थांबते, पर्स उघडते आणि किल्ली शोधल्यासारखं करते. किल्ली हातातच असते. वर-खाली जाणारी माणसं हसून पुढे जातात, कोणाला संशय येत नाही.

“जिना चढताना मला थांबावं लागतं,” मी म्हटलं.

यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आत आले.