तांदळात लिहिलेले नाव

एक गोष्ट मी एकोणतीस वर्षे लपवून ठेवली. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर नवरदेव अंगठीने वधूचे नवे नाव लिहितो. माझ्या पत्नीचे माहेरचे नाव भागीरथी. ते तिच्या आजोबांनी ठेवलेले होते, नर्सिंगच्या प्रमाणपत्रावरही तेच होते. ते बदलू नये, असा निरोप तिने भावाकडून पाठवला होता आणि मी होकार दिला होता. पण ताट पुढे आले, तेव्हा हिंगोलीच्या कार्यालयातले माझे सहकारी समोर बसलेले होते. त्यांच्यादेखत ते नाव मला जुनाट वाटले आणि मी ‘वसुधा’ लिहिले. घरी आल्यावर तिने कारण विचारले. मी म्हणालो, “आईची इच्छा होती.” आईला यातले काहीच ठाऊक नव्हते.

पुढे आई अंथरुणाला खिळली. पत्नीने तिचे सगळे केले, पण ‘आई’ अशी हाक कधी मारली नाही, ‘सासूबाई’ एवढेच. एकदा आईने मला विचारले, “सून माझ्यावर नाराज काहून हाय रे?” मी पाण्याचा तांब्या भरण्याच्या निमित्ताने उठून गेलो. आई गेली, तरी मी गप्पच होतो.

सहा वर्षांपूर्वी पत्नी नर्स म्हणून अमेरिकेला गेली. तिने माझ्यासाठी अर्ज केला आणि यंदा मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीचे बोलावणे आले. अडचण एकच होती. तिचा पासपोर्ट ‘भागीरथी’ नावाचा, आमच्या लग्नाच्या दाखल्यावर मात्र ‘वसुधा’. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र मी करून घेतले. कारण विचारले तर उत्तरही पाठ केले होते: घरच्या वडीलधाऱ्यांनी नाव बदलले.

निघण्याआधी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. तिथला गाभारा जमिनीखाली आहे; अरुंद वाटेने वाकूनच उतरावे लागते. पिंडीवर हात ठेवून म्हणालो, “देवा, हिच्याजवळ पोहोचव.” देव ऐकेल याची मला खात्री होती. पाठ केलेल्या उत्तराबद्दल मात्र मी त्याच्याशी काहीच बोललो नाही.

वकिलातीत मोबाइल नेता येत नाही. म्हणून रस्त्यापलीकडे सामान सांभाळणाऱ्या एका बाईंकडे पिशवी आणि फोन दिला. माझे बोलणे ऐकून त्यांनी मान वर केली.

“तुमी आमच्याकडचे दिसून राहिले. मी औंढ्याजवळच्या जवळा बाजारची.”

तेवढ्यात शेजारचा चहावाला ओरडला, “भागीरथाबाई, सुट्टे द्या!”

माझ्या हातातली फाइल खाली पडली. मी विचारले, “हे माहेरचं नाव का?”

“व्हय. नवऱ्यानं लग्नात दुसरं ठेवलं व्हतं,” कागद गोळा करून देत त्या हसल्या. “वरीसभर हाका मारून थकला बिचारा. मी ‘ओ’च दिली न्हाई!”

मला हसू आले नाही. माझ्या घरातल्या बाईने एकोणतीस वर्षे ‘ओ’ दिली होती.

खिडकीपलीकडच्या अधिकारी बाई इंग्रजीत विचारत होत्या, दुभाषी मराठीत सांगत होता. दाखला पाहून त्या थांबल्या. पत्नीचे खरे नाव कोणते? का बदलले? पाठ केलेले उत्तर ओठांवर होते. ते दिले असते तर कदाचित काहीच बिघडले नसते. खरे बोलून उलट संशय वाढण्याची भीती होती. पण त्या गाभाऱ्यात जसा वाकून उतरलो होतो, तसाच मी आतून वाकलो. म्हणालो, “तिचं नाव भागीरथी. बदलायचं नाही असं तिनं सांगितलं होतं. मी शब्द दिला आणि मोडला. इतर कुणाचा यात दोष नाही.”

दुभाष्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग भाषांतर केले. बाईंनी आणखी दोन प्रश्न विचारले, लग्नाचे फोटो चाळले, माझा पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले.

सामान सांभाळणाऱ्या त्या बाई त्याच दिवशी तिथे का होत्या, चहावाल्याने तेव्हाच हाक का मारली, याचा खल मी करत नाही. मी नागनाथाकडे वाट मागितली होती. त्याने आधी वाटेतला माझाच धोंडा मला दाखवला. सगळे त्याच्यावर सोपवले म्हणताना मी एक कोपरा स्वतःकडे राखून ठेवला होता. तोही सोपवायचा असतो, एवढे मला पन्नाशी उलटल्यावर उमगले. त्याच्या कृपेपुढे मी नतमस्तक आहे.

बाहेर येऊन भागीरथाबाईंकडून फोन घेतला. पत्नी ड्यूटीवर होती, तरी तिने लगेच उचलला.

“झालं का हो?”

“झालं, भागीरथी.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “काहून, वकिलातीनं नाव बी बदलून दिलं का?”

भर रस्त्यात, त्या बाईंच्या देखत, मी मोठ्याने म्हणालो, “ते नाव आईनं नाही, मी लिहिलं होतं. तिला तर माहीतही नव्हतं. तुला दिलेला शब्द मी मोडला आणि दोष तिच्या माथी मारला. भागीरथी, मी तुम्हा दोघींचा अपराधी आहे. मला माफ कर.”