लवूला चढवलेली बाटली

लालबागेत आनंदाला कोण ओळखत नव्हतं? दिवसा मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर, संध्याकाळी तालमीत आणि रविवारी हुतूतूच्या मैदानात. चौघं कमरेला बिलगले तरी गडी त्यांना फरफटत रेघ गाठायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातही आवाज त्याचाच सगळ्यात वर. ‘मुंबईसाठी रक्त सांडू!’ असं ओरडताना मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. बोलायला काय जातंय म्हणा, जिभेला थोडंच हाड असतं!

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला आणि गोळी लागली ती त्याच्या धाकट्या भावाला, लवूला. तो बिचारा मोर्चात नव्हताच. पाळी संपवून घरी येत होता. गोळी डाव्या कुशीतून पोटात शिरली. आनंदाने भावाला दोन्ही हातांवर उचललं आणि परळच्या इस्पितळापर्यंत धावत नेलं. एवढं मात्र त्याने केलं, ते कोणी नाकारू नये. मागोमाग लवूची बायको शांता धापा टाकत आली.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ते लाकडासारखं ताठ झालं होतं. “आतडं फाटलंय,” ते म्हणाले. “पोट आत्ताच उघडावं लागेल. रक्त फार गेलंय. तुम्ही भाऊ ना? त्या खोलीत तपासून घ्या. जुळलं तर तुमचंच घेऊ.”

आनंदा खोलीच्या दारापर्यंत गेला. आत कोणी परका माणूस खाटेवर पडला होता, त्याच्या दंडातून रबरी नळी निघाली होती आणि खाली काचेची बाटली लाल होत होती. तालमीतले वस्ताद सांगायचे, रक्त म्हणजे मर्दाचा कस, एकदा गेला की शेराने दूध प्या, भरून येत नाही. आनंदाला दरदरून घाम फुटला. “आलोच हां,” असं शांतेला म्हणाला आणि जिना उतरला तो थेट मागच्या आवारात, वाळत घातलेल्या चादरींच्या आड. तिथे बसून ओक्साबोक्शी रडला. पण वर गेला नाही.

गेला तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. लहान आतड्याची भोकं शोधून शोधून शिवली होती. मोठ्या आतड्याची जखम शिवून टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते पोटावर बाहेर काढून ठेवलं होतं. काही महिने मळ तिथूनच येणार, मग पुन्हा पोट उघडून आत घालणार. लवूच्या उशाशी रक्ताची बाटली टांगलेली होती. शांतेने बाटलीकडे पाहिलं, आनंदाच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिलं आणि ती त्याच्या पायांवर कोसळली.

“भावोजी, माजा कुकू राखलात तुमी!”

‘मी नाही’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण भोवती चाळीतली माणसं उभी होती. आनंदाने तोंड उघडलं आणि परत मिटलं. मेल्या, तेव्हाच बोलला असतास तर!

मग काय, चाळीला कौतुकाचं भरतंच आलं. ज्याचं पोट फाडलं तो पेजेच्या पाण्यावर आणि ज्याने काहीच केलं नाही त्याच्यापुढे अंडी, कलेजी, आटवलेलं दूध! शांता स्वतः काळा चहा पिऊन त्याला दूध पाठवायची. चाळीच्या मंडळाने फेटा बांधला, नारळ दिला. चार शब्द बोला म्हणाले, तर आनंदाच्या तोंडून शब्द फुटेना. “किती साधा माणूस!” म्हणून लोकांनी आणखी टाळ्या पिटल्या. घरी येऊन त्याने फेटा खाटेखाली सारला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे लवू. पोटाला कापूस नि फडकी गुंडाळलेला, वासाने ओशाळा होणारा लवू आल्यागेल्याला सांगायचा, “ह्या दादाचा रगात माज्या अंगात आसा. आता बगा, हुतूतूत मीच भारी!”

एप्रिलात आतडं आत घालायची वेळ आली. अंगात रक्त कमी आहे, एक बाटली लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आनंदा ताडकन उठला. या वेळी मरण आलं तरी मागे फिरायचं नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. “परत तुमीच कित्याक?” म्हणत शांता मागे आली, तर तिचंही ऐकलं नाही. खोलीत जाऊन त्याने बोट पुढे केलं. टाचणी टोचल्यासारखं झालं, बस्स. तपासणाऱ्याने काचपट्टी उजेडात धरली.

“तुमचा गट वेगळा. चालणार नाही.”

“असा कसा?” शांता म्हणाली. “जानेवारीत ह्येंचाच घेतलात ना?”

“शक्यच नाही, बाई. हे चढवलं असतं तर पेशंट टेबलावरच गेला असता.”

आनंदाने टोचलेलं बोट मुठीत दाबलं. म्हणजे त्या दिवशी नुसता उभा राहिला असता, एवढंसं बोट टोचून घेतलं असतं, तर त्याला मानाने परत पाठवलं असतं! शांता त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं उमगलं. तो मान वर करीना.

तिने पदर खोचला आणि हात पुढे केला. “माजा बगा.”

तिचं जुळलं. बाटली भरेपर्यंत आनंदा दाराशी उभा होता. ती बाहेर आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती. त्याने आधाराला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“शांते, मी आत्ताच्या आत्ता लवूला सांगतो...”

“कायएक सांगू नकात,” ती हळूच म्हणाली. “दादाचा रगात म्हणान ता माणूस एवढा सोसता. आजचापण तुमचाच म्हणान सांगूया.”

वॉर्डात लवू वाट बघत होता. शांतेने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, “भावोजींनी दिल्यानी.”

लवूने भावाचा हात धरून कपाळाला लावला. आनंदाने तो लावू दिला.