रिकामं जातं

आमच्या वाचनालयातले ग्रंथपाल काका परत आलेलं पुस्तक पान न् पान चाळून घेतात. पेन्सिलीचं अक्षर सापडलं, की तिथंच रबर हातात देतात. ज्यानं लिहिलं त्यानं खोडायचं, हा त्यांचा नियम. गेल्या महिन्यात माझ्यापुढं उभ्या असलेल्या एक बाई अशाच सापडल्या. कादंबरी जुनी, नावाजलेली. प्रस्तावनेत छापलं होतं, ‘नायिका म्हणजे सोशिकतेची मूर्ती.’ शेजारी बाईंनी लिहिलं होतं, ‘सोशिक नाही, संतापलेली.’

त्यांनी मुकाट्यानं खोडलं. मग म्हणाल्या, “काका, माझं खोडलं. छापलेलं कोण खोडणार?”

ते पुस्तक मीच घरी आणलं. त्यात एके ठिकाणी दळण संपलं तरी ती नायिका जातं ओढतच राहते. दाणा नाही, पीठ नाही, नुसती दगडावर दगडाची घरघर, ओसरीवरच्या पुरुषांना ऐकू जाईल अशी. याला सोशिक म्हणायचं? शाळेत आम्हीही हेच उत्तर घोकून गुण मिळवले. बाई बोलली नाही म्हणजे तिनं सोसलं, हे ठरवलं कुणी? हा फरक कळायला पंडित व्हावं लागत नाही. एकदा रागाच्या भरात भांडी घासली की पुरे.

पान उजेडात तिरकं धरलं. खोडलेल्या अक्षरांचे वळ अजून होते. मी तेच गिरवले.

पुस्तक परत करताना काकांनी ते पान पाहिलं आणि सवयीनं रबर पुढं केलं.

“राहू द्या, काका,” मी म्हटलं, “या वेळी शाईनं लिहिलंय.”