परतीचा पाईप

अकोल्यात चाचांच्या वर्कशॉपमध्ये मी बारा वर्षं काढली. चाचा माझे उस्ताद. नात्याने आम्ही एकमेकांचे कोणी नव्हतो, पण पाना कसा धरायचा इथपासून गिऱ्हाइकाला फटकन उत्तर कसं द्यायचं इथपर्यंत सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो. यातलं दुसरं जरा जास्तच शिकलो.

चाचा पक्के डिझेलवाले. ट्रॅक्टर, जीप, विहिरीवरची इंजिनं, याच्या पलीकडे त्यांनी जन्मात काही केलं नाही. हात डिझेलने धुवायचे, डिझेलच्या डब्याला टेकून बिडी ओढायचे आणि कुठे पाईप गळताना दिसला की इंजिन चालूच ठेवून तो आधी चिमटीत धरायचे, पाना नंतर मागायचे. डिझेल माणसाचं एवढं खपवून घेतं.

वर्कशॉपचा एक नियम होता. पाईपाची क्लिप ज्याने कसली त्यानेच ती खोलायची. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, त्याला बोलवायचं आणि तो येईपर्यंत थांबायचं. मी नवा असताना एक क्लिप वाकडी बसवून जेवायला गेलो होतो. परत आलो तर गाडीवाला तोंडाला येईल ते बोलत होता आणि चाचा शांतपणे बसून होते. "तुहं काम हाये, तूच खोल," म्हणाले. तेव्हा मला तो छळ वाटला होता. कालच्या पोराच्या कामालाही ते कामाचा मान देत होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

पुढे मी अमरावतीला स्वतःचं गॅरेज टाकलं. तिथे सगळ्या पेट्रोलच्या गाड्या. चाचांकडे जाणं कमी झालं. त्यांच्याकडचं कामही कमी होत चाललं होतं. नव्या डिझेल गाड्यांना कॉम्प्युटर लागतो आणि चाचांना त्या वायरींचा मनापासून राग.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या जिपेचं इंजिन जाम झालं. याच जिपेतून ते बार्शीटाकळीपर्यंतच्या खेड्यांत अडलेली इंजिनं दुरुस्त करायला जायचे. जीप थांबली तर चाचांनी घरी बसायचं, इतकं ते सरळ होतं. जुन्या इंजिनाचे भाग मिळेनात. तेवढ्यात त्यांना भंगारात एक पेट्रोल इंजिन सापडलं, अपघातातल्या गाडीचं, पण आतून धडधाकट. त्यांनी मला फोन केला. "पेट्रोलातलं तुले समजते. ये बावा." साठी कधीच ओलांडलेला माणूस आपल्या शागिर्दाला बोलावत होता. मी हवेत तरंगतच अकोल्याला गेलो.

ते इंजिन जिपेत बसवायला दोन दिवस लागले. खरं काम पुढे होतं. या इंजिनाला टाकीतला पंप जोराने पेट्रोल पुरवतो. इंजिन लागेल तेवढं घेतं आणि उरलेलं दुसऱ्या पाईपाने टाकीत परत जातं. तो परतीचा पाईप. जिपेची जुनी टाकी गंजून चाळणी झाली होती, म्हणून शेजारच्या कूलर बनवणाऱ्याकडून नवी करून घेतली. अकोल्यात कूलरवाल्याला पत्र्याचं काय येत नाही ते विचारा. मी खडूने फरशीवर चित्र काढून दिलं. आत दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे वळणावर पेट्रोल एका बाजूला पळणार नाही. पंपाला वरून झाकण. परतीचं तोंड पंपापासून लांब, म्हणजे फेस पंपात जाणार नाही. टाकी पाण्याने भरून रात्रभर ठेवली, थेंब गळला नाही. चाचा तिच्यावरून हात फिरवून म्हणाले, "माह्या जिपेपेक्षा टाकीच चांगली दिसून राहिली."

भांडण झालं ते परतीच्या पाईपावरून. मी अमरावतीहून काळा रबरी पाईप आणला होता, खास पेट्रोलचा. चाचांनी वर्कशॉपच्या आतून एक काचेसारखा पारदर्शक पाईप काढून आणला. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसा. डिझेलवाल्यांचा सगळा जीव पाईपातल्या हवेवर असतो. हवा शिरली की इंजिन बंद पडतं, बुडबुडा दिसला की दोष सापडला. म्हणून ते परतीला असाच पाईप लावतात आणि डिझेलला तो चालतोही.

"चाचा, पेट्रोलनं हा कडक होते, मग तडकते," मी म्हणालो.

"परतीच्या पाईपात जोर कुठं असते? अन् तुह्या त्या आंधळ्या पाईपात मले हवा कशी दिसन?"

"या इंजिनात हवा पाहायचीच नसते."

"काहून नसते? मले शिकवून राहिला का?"

कूलरवाला बघत होता, आणखी एक-दोन लोक होते. एवढ्या लोकांसमोर माझी जीभ सुटली. म्हणालो, "तुमचा जमाना गेला चाचा. डिझेलसंगच गेला."

चाचांनी हातातली बिडी विझवली, दोन क्लिपा माझ्या हातावर ठेवल्या. "बसव तूच. पण पाईप हाच."

मी नाही म्हणू शकलो असतो. थैली उचलून चालू पडू शकलो असतो. मी तो पारदर्शक पाईप घेतला आणि बसवला. दात-ओठ खाऊन क्लिपा कसल्या. इंजिनाकडचं टोक सायलेन्सरच्या गरम नळीवरून जात होतं, तेही दिसत होतं, तरी तसंच नेलं. मनात सरळ हिशोब होता. दोन महिन्यांत हा तडकेल, थेंब थेंब गळेल, वास सुटेल आणि चाचा मला फोन करतील. मला तो फोन हवा होता. आग माझ्या डोक्यात आली नाही असं मी स्वतःला सांगतो. पेट्रोलचा धंदा करणाऱ्याच्या डोक्यात आग येत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? मीही ठेवत नाही.

जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. चाचा बॉनेटखाली वाकले. पाईपातून पेट्रोल झुळझुळ परत चाललं होतं. "पाह्य, पाह्य," ते म्हणाले, "पोट भरलं अन् उरलेलं घरी चाललं." भांडण विसरून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप आवडली नाही.

वैशाखात फोन आला. "पेट्रोलचा वास येऊन राहिला बावा. पाईप पिवळा पडला, लाकडासारखा झाला. तू म्हणत होता तसंच झालं."

इतका सरळ कबुलीजबाब. आणि मी? मी गालात हसलो. तो मंगळवार होता. माझ्याकडे त्या दिवशी एकही अडलेली गाडी नव्हती, दोन तासांत मी अकोल्यात पोचलो असतो. मी म्हणालो, "लय काम हाये चाचा. रविवारी येतो." जरा वाट बघू दे म्हातारा, असं वाटलं. तोवर गाडी बाहेर काढू नका, हे एक वाक्य मी बोललो नाही. तोंडाशी आलं होतं. पण ते बोललो असतो तर रविवारपर्यंत थांबवण्यात काही मजा उरली नसती.

शुक्रवारी बार्शीटाकळीकडच्या एका शेतात इंजिन बंद पडलं आणि चाचा जीप घेऊन निघाले. वाटेत वास फार वाढला म्हणून रस्त्याच्या कडेला थांबले, बॉनेट उघडलं. इंजिन चालूच. तडकलेल्या पाईपातून धार लागली होती. त्यांनी जन्मभर जे केलं तेच केलं. पाईप मुठीत धरला. खाली गरम नळी होती.

शेतातल्या दोघांनी माती टाकून त्यांना विझवलं. जीप मात्र जळून गेली.

रविवारी मी ठरल्याप्रमाणे अकोल्याला गेलो, पण हॉस्पिटलात, जळालेल्यांच्या वॉर्डात. थैलीत काळा पाईप होता, काढून ठेवायचं सुचलंच नव्हतं. चाचांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले होते आणि ते गुंगीत होते. चाची बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी सरकून जागा दिली.

"मी म्हणत होती," त्या म्हणाल्या, "बाजूच्या मिस्त्रीकडून पाईप बदलून घ्या. धा मिनटाचं काम. नाही म्हणे. म्हणे त्या क्लिपा त्यानं कसल्या. तो रविवारी येऊन राहिला. आता तो बी उस्ताद झाला, त्याच्या कामाले मी हात कसा लावू?"

मी थैली पायाने बाकाखाली ढकलली.

चाचा वाचले. हात वाचले नाहीत. बोटं आत वळून बसली आहेत, पाना सोडा, बिडीही धरता येत नाही. वर्कशॉप आता भाच्याकडे आहे. चाचा दारात खुर्ची टाकून बसतात. मी दर रविवारी जातो. लोक मला म्हणतात, असा शागीर्द मिळायला नशीब लागतं. मी ऐकून घेतो. मंगळवारचं मी चाचांना सांगितलेलं नाही. दर रविवारी वाटेतलं मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आज सांगायचंच असं ठरलेलं असतं.

गेल्या रविवारी एक अनोळखी गिऱ्हाईक आलं होतं. मी चाचांच्या तोंडाशी चहाची बशी धरली होती. चाचांनी एक घोट घेतला आणि आपल्या वाकड्या हाताने माझ्याकडे दाखवलं.

"हा माहा शागीर्द," ते त्याला म्हणाले. "ह्यानं कसलेल्या क्लिपेले मी बी हात लावत नाही."

मी बशी पुन्हा त्यांच्या ओठांना लावली.