शेपटी आली का?

उजवा हात खांद्याच्या वर, मूठ घट्ट मिटलेली, आणि मान न वळवता विचारलेला प्रश्न, "शेपटी आली का?"

सिंगापुरात मंडाईच्या सिग्नलला रविवारी सकाळी हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल, निदान गाडीच्या काचेआडून वैतागून तरी. सिग्नल हिरवा झालेला, पुढचा रस्ता मोकळा, आणि एकसारख्या केशरी जर्सीतले पाच-सहा मध्यमवयीन मराठी सायकलस्वार बाजूला पुतळ्यासारखे उभे. कारण शेपटी आलेली नाही. शेपटी म्हणजे सगळ्यात मागे राहिलेली व्यक्ती. बहुतेक रविवारी ती मी असे.

धापा टाकत पोचावं तोवर सिग्नल पुन्हा लाल. बाकीचे माझ्याकडे ज्या नजरेने पाहायचे ती नजर मी ऑफिसात ऑडिटर म्हणून रोज सोसते, त्यामुळे तिची सवय होती. राग यायचा तो त्या हाताचा. "माझ्यासाठी थांबू नका हो," असं मी किती वेळा म्हटलं असेल. उत्तर ठरलेलं. "तुमच्यासाठी नाही वहिनी. ग्रुपसाठी."

वहिनी! माझा नवरा त्या हाताच्या मालकांना एकदा आमच्या क्वीन्सटाउनच्या ब्लॉकखाली लिफ्टपाशी भेटला होता, तेवढ्यावर मी कायमची वहिनी झाले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे. सुरुवात चेष्टेत झाली होती, पण चेष्टा कळण्याच्या आत त्यांनी जर्सीच्या पाठीवर तो शब्द छापूनही घेतला. गळ्यात शिट्टी. राइड सुरू होण्याआधी विमानात करतात तसलं निवेदन: पुढे खड्डा असेल तर कुठला हात, मागून बस आली तर काय ओरडायचं, पाणी केव्हा प्यायचं. एका आयटी कंपनीत ते कुठल्याशा जोखमीचे व्यवस्थापक होते. आमच्यासारखी माणसं ही जोखीमच, असं त्यांचं प्रामाणिक मत असावं.

पदवी, गणवेश आणि भाषण या तीन गोष्टी एकाच माणसात दिसल्या की मी दोन पावलं मागे सरकते. इथे तर मी आधीच मागे होते.

त्यांचा दुसरा नियम, सांगून जायचं. राइड मध्येच सोडा, पाय दुखला म्हणून सोडा, कंटाळा आला म्हणून सोडा, पण कॅप्टनला सांगून. मंदार हा आमच्यातला बँकवाला, आता इथला नागरिक, सायकल कार्बनची आणि तोंड त्याहून हलकं. तो एकदा क्रांजीहून कुणाला न सांगता परस्पर घरी निघून गेला. फोन बंद. कॅप्टन आम्हाला खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरात बसवून उलटे क्रांजीपर्यंत गेले, गटारं आणि झुडपं पाहत. शेवटी मंदारच्या कॉन्डोवर जाऊन थडकले, तर हा स्विमिंग पुलाच्या काठावर पेपर वाचत पडलेला. आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. कॅप्टन उन्हाने लालबुंद झालेले, एवढंच म्हणाले, "सांगून जायचं." आणि सायकल वळवून परत आपल्या घरी, वुडलँड्सला. मंदारच सांगतो, त्याला त्या दिवशी पोहायला काही जमलं नाही.

तर अशा माणसाने आम्हाला स्कॉटलंडला न्यायचं ठरवलं.

पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रात बेटांची एक माळ आहे. उत्तरेच्या दीपगृहापासून दक्षिणेच्या चिमुकल्या व्हॅटर्से बेटापर्यंत सायकलने जाता येतं. कुठे बेटांमध्ये भराव टाकलेले रस्ते आहेत, कुठे फेरीबोट आहे. यायला तयार झालो आम्ही चौघं: कॅप्टन, मंदार, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट असलेली अश्विनी, आणि मी. माझ्या मुलीने ही बातमी ऐकून फक्त, "आई, यू शुअर अ नॉट?" असं इथल्या इंग्रजीत विचारलं आणि हेडफोन परत कानात घातले.

मंदारच्या कॉन्डोतल्या फंक्शन रूममध्ये कॅप्टननी स्लाइड्स दाखवल्या. चढउतारांचे आलेख होते, टायरमधल्या हवेचं गणित होतं, कुणी किती मोजे आणायचे तेही होतं.

"उत्तरेकडून दक्षिणेकडे का?" अश्विनीने विचारलं.

"आपण नेहमी वुडलँड्सहून खालीच येतो की," कॅप्टन म्हणाले.

वुडलँड्स सिंगापूरच्या उत्तर टोकाला, त्यामुळे हे उत्तर आम्हा सगळ्यांना पटलं. नकाशात उत्तर वर असते, वरून खाली येणं सोपं. इंजिनिअर, बँकर, ऑडिटर आणि वैद्यकातली एक, एवढी शिकलेली डोकी त्या खोलीत होती. वाऱ्याचा प्रश्न एकाच्याही मनात आला नाही. यायचा कुठून? सिंगापुरात वारा पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो.

जूनमध्ये दीपगृहाशी उभं राहून फोटो काढला, सायकली दक्षिणेला वळवल्या आणि कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. मला वाटलं, झुळूक असेल, जाईल. ती झुळूक नव्हती. तिथे वारा नैर्ऋत्येकडून येतो, बहुधा रोज येतो, आणि ही गोष्ट जगातल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक आहे. म्हणून सगळे दक्षिणेकडून निघतात आणि वारा पाठीवर घेऊन उत्तरेला येतात. ते सगळे आम्हाला समोरून भेटत होते. ताठ बसलेले, हसरे, हात हलवणारे. एका आजोबांनी तर दोन्ही हात सोडून सँडविच खाता खाता आम्हाला ओरडून सांगितलं की तुम्ही उलटे निघालात.

"कॅप्टन," मंदार ओरडला, "सगळं जग तिकडून इकडे येतंय!"

"जगाला घाई असेल," पुढून उत्तर आलं.

ग्रुपमध्ये सायकल चालवताना पुढचा वारा खातो, मागचे त्याच्या आडोशाने जातात. म्हणून पुढे राहण्याची पाळी बदलायची असते. सिंगापुरात कॅप्टन शिट्टी मारून पाळी बदलायला लावत, आणि मंडाईवर वारा नसताना आम्ही ती कवायत वर्षानुवर्षं निमूटपणे केली होती. तिकडे पहिल्या दिवशी शिट्टी वाजलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अश्विनी पुढे सरकली. "मी येते आता पुढे."

"मागे राहा."

"अहो, पण तुमचे गुडघे..."

"मागे राहा म्हटलं ना."

मंदार म्हणाला, हा अहंकार आहे. मला तेव्हा तसंच वाटलं. नंतर लक्षात आलं की माणूस चुकीची भरपाई करतोय. ते कळल्यावर तर मी जास्तच चिडले. "चुकलं माझं," एवढं म्हणाले असते तर आम्ही दोन दिवस टोमणे मारले असते आणि विषय संपला असता. पण नाही. दोन शब्द वाचवण्यासाठी या गृहस्थांनी सगळं बेट छातीवर घेतलं.

हॅरिस बेटावर पोचलो तो दिवस रविवार. तिथे रविवार पाळतात. दुकान बंद, चहाचं हॉटेल बंद, रस्त्यावर मेंढ्याही जपून चालताहेत असं वाटावं. चोवीस तास उघड्या दुकानांच्या शहरातून आलेल्या आम्ही चौघांनी खाण्याची तजवीजच केली नव्हती. होस्टेलच्या खिडकीशी बसून अश्विनीच्या डब्यातला चिवडा खाता खाता आम्हा तिघांचं ठरलं: उद्या सायकली नेणारी व्हॅन मिळते, तिने सरळ दक्षिणेला जायचं. हे कॅप्टनना कोण सांगणार? शेपटीने सांगावं, असं मंदार म्हणाला.

ते होस्टेलच्या मागे साखळीला तेल घालत होते.

"सांगून जायचं, म्हणून सांगायला आले," मी म्हणाले. "आम्ही तिघं उद्या व्हॅनने जातोय."

त्यांनी पेडल उलटं फिरवत ठेवलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "माझी नोकरी गेली, वहिनी. कामाचा नवीन पास काही झाला नाही. हिला मागच्या महिन्यातच पुण्याला पाठवलं. महिनाअखेर वुडलँड्सचं घर सोडतोय."

मी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"चौघांनी मिळून त्या टोकाला उभं राहायचं होतं," ते म्हणाले. "सायकलने पोचून. परत असं जमायचं नाही."

"मग सांगा की त्यांना! आत्ता आत जाऊन सांगा. दोघंही येतील."

"म्हणूनच नाही सांगायचं. मग ते माझ्यासाठी चालवतील." मला नेहमी ऐकावं लागणारंच वाक्य, फक्त दुसऱ्या बाजूने. "वहिनी, शब्द द्या."

मी शब्द दिला. असे शब्द देताना माणसाने निदान एक दिवसाची मुदत मागून घ्यावी.

आत जाऊन मी व्हॅनच्या विरोधात भाषण केलं. निसर्ग, व्यायाम, केलेली तयारी. माझ्या तोंडी ही भाषा ऐकून अश्विनीने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मंदार म्हणाला, "तुम्ही कधीपासून त्यांच्या पार्टीत?" तरी दोघं कशीबशी तयार झाली. पुढच्या फेरीने पलीकडे जाईपर्यंत, त्यानंतर बघू.

फेरीपलीकडचा एक दिवस खरंच बरा गेला. बेटाबेटांना जोडणारे भरावाचे रस्ते लागले. कॅप्टन पहिल्यांदाच खुलले. "आमच्या वुडलँड्सचा मलेशियाला जाणारा कॉजवे बघा आणि हा बघा. ट्रकची रांग नाही, पासपोर्ट नाही, काही नाही!" एका ठिकाणी पाटी होती, पाणमांजरं रस्ता ओलांडतात, सावकाश जा. कॅप्टनचा हात वर गेला. आम्ही थांबलो. एकही पाणमांजर नव्हतं.

"कॅप्टन, पाणमांजरं आपल्याकडेही आहेत," मंदार म्हणाला. "कॉन्डोच्या तळ्यातले मासे खातात. चला."

"इथली बघू जरा."

आणि तो कार्बनवाला, घाईवाला मंदार पाच मिनिटं रिकाम्या पाण्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, जमलं. आता नाही तुटत हा ग्रुप.

दुसऱ्या दिवशी पाऊस आडवा होता. उतारावरही पेडल मारावं लागत होतं. दुपारी एका बंद दुकानाच्या आडोशाला मंदारने हेल्मेट काढलं. "कॅप्टन, सांगून जातोय. मी सुट्टी घेऊन आलोय, शिक्षा भोगायला नाही. मी आणि अश्विनी व्हॅनने पुढे जातो, जेट्टीवर भेटू."

मी कॅप्टनकडे पाहिलं. एक वाक्य, फक्त एक वाक्य बोला. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं, पण ते मला गप्प बसवण्यासाठी.

"सांगितलंत, बरं केलंत," ते मंदारला म्हणाले.

उरलेला रस्ता आम्ही दोघांनी कापला. ते पुढे, मी त्यांच्या आडोशाने. मी त्यांच्या पाठीवरचा कॅप्टन हा शब्द वाचत होते आणि मनात जे काही म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागून ओरडलेही, "थोडं तरी मला पुढे येऊ द्या!" वाऱ्यात ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

जेट्टीवर पोचलो तेव्हा फेरी रद्द झाली होती. वारा फार होता. उद्याचंही खात्रीने सांगता येत नव्हतं, आणि आम्हाला परतीच्या विमानासाठी उद्याच माघारी फिरायला हवं होतं. प्रतीक्षागृहाच्या दारात मंदार दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले घेऊन उभा होता.

"या, कॅप्टन," तो म्हणाला. "शेपटी आली!"

सगळे हसलो. कॅप्टनही हसले. पेला घेताना त्यांची बोटं मिटत नव्हती, तेव्हा अश्विनीने तो पेला त्यांच्या हाताभोवती आपल्या हातांनी धरून ठेवला. समोर पाण्यापलीकडे पुढचं बेट दिसत होतं, आणि त्याच्या मागे कुठेतरी ते टोक.

"दिसतंय की," मंदार म्हणाला. "दिसलं म्हणजे पोचलोच समजा."

"नाही," कॅप्टन म्हणाले. "पोचणं वेगळं." मग मंदारचा चेहरा बघून, "पुढच्या वर्षी दक्षिणेकडून निघू."

चुकीची कबुली म्हणाल तर एवढीच. तीही खोट्या वर्षाच्या नावाने.

महिनाअखेरीला आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती करड्या अक्षरांतली ओळ उमटली, कॅप्टन ग्रुपमधून बाहेर पडले. मागे-पुढे एक अक्षर नाही. ज्या माणसाने आम्हाला पाणी प्यायलाही न सांगता थांबू दिलं नाही, तो देश सोडून न सांगता गेला. मंदारचा मला फोन आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"हॅरिसपासून."

मग, "मी व्हॅनमध्ये झोपलो होतो हो. हीटर लावून." आणि फोन ठेवला. पुढचे काही रविवार तो माझ्याशी बोलला नाही. म्हणजे निर्णय कॅप्टनचा, गुपित कॅप्टनचं आणि अबोला माझ्या वाट्याला. मी पुण्याच्या नंबरवर खरमरीत मेसेज पाठवला. अंगठ्याचं चित्र आलं.

राइड चालू आहे. आता प्रत्येक जण आपल्या वेगाने जातो. सिग्नल हिरवा असेल तर निघायचं, नाश्त्याला भेटायचं. मला हेच हवं होतं. मी पोचते तेव्हा सायकली कुलपात असतात आणि कोपीचे, म्हणजे इथल्या कॉफीचे, कप रिकामे.

परवा मंडाईच्या सिग्नलला मंदार एकटाच उभा दिसला. सिग्नल हिरवा होता. हात वर नव्हता, पण तो उभा होता.

"तुमच्यासाठी नाही थांबलो," मी जवळ जाताच तो म्हणाला. "चेन बघत होतो."

"बघा की."

त्याने चेनकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहत राहिला. मीही मान वळवली. माझ्यामागे कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. झाडांमधून सरळ येणारा रिकामा रस्ता, पानही हलत नव्हतं.

सिग्नल लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. तोही आम्ही जाऊ दिला.