अप्पांनी लावलेले तंबोरे

अप्पा वडाळकरांनी पहिल्या भेटीत मला धड नमस्कारही करू दिला नव्हता. मी तेव्हा ओझरच्या कारखान्यात नुकतीच लागले होते. कंपनीच्या बसमधून उतरून घामाघूम अवस्थेत मैफलीला तंबोऱ्याची साथ करायला पोचले, आणि गेल्या गेल्या आतल्या खोलीतला पंखा लावला. कोपऱ्यात सतरंजीवर एक किडकिडीत गृहस्थ तंबोरा मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पोरी, वाऱ्याला पंचम कळत नाही. बंद कर तो." मी मुकाट्याने बंद केला आणि मनात म्हटलं, काय खडूस म्हातारा आहे. आज मी निवृत्तीला आले, तरी त्यांच्या तोंडी 'पोरी'च आहे.

अप्पा स्वतः गात नाहीत की काही वाजवत नाहीत. शाळेत चित्रकला शिकवत होते. पण साठ वर्षं नाशकात कुठेही गाणं असलं की अप्पांचे दोन तंबोरे आधी टांग्यातून आणि पुढे रिक्षातून तिथे यायचे, आणि अप्पा तास-दीड तास आधी येऊन ते लावायचे. खुंटी पिळायची, घोडीवरचा दोरा केसभर सरकवायचा, मग सूर बारीक जुळवायला तारेतला मणी. तंबोरा लागेपर्यंत चहा नाही. एकदा एक नामवंत बुवा वैतागून म्हणाले, लोक खोळंबलेत हो. अप्पांनी शांतपणे सांगितलं, "घाई असेल त्यानं ढोल वाजवावा." बुवा निमूटपणे बाहेर जाऊन बसले.

मला त्यांनी लावायला शिकवलं तेव्हा तीन महिने एकच तार दिली होती. म्हणायचे, "गाणारा चुकला तर त्याला माफी आहे. तंबोऱ्याला नाही. सगळे त्याच्या भरवशावर उभे असतात." त्यांच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'ठीक'. इतक्या वर्षांत ती मला दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळा मी घरी जाऊन शिरा केला.

अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी अप्पांचे कान दगा देऊ लागले. जरा मोठ्यानं बोललं की कळायचं, पण सुरातला बारीक फरक हातातून निसटला. एका मैफलीत त्यांनी तंबोरा लावून पुढे केला आणि एकाच सुरात हव्या त्या जोडाच्या दोन तारा एकमेकींशी भांडत होत्या. गाणारीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सांगायची छाती कुणाची होणार? मग आमचा एक रिवाजच पडला. अप्पांनी लावायचं, आम्ही 'वा अप्पा' म्हणायचं, त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवायचं, आणि मी 'जरा पुसून आणते' असं सांगून पडद्यामागे तंबोरे पुन्हा लावायचे. दोन वर्षं हे चाललं. पाप म्हणा, माया म्हणा.

शंभरी आली तसा आमच्या संगीत मंडळानं सत्काराचा घाट घातला. मंचावर शंभर वर्षांचे अप्पा सगळ्यांसमोर तंबोरा लावणार, अशी कल्पना होती. आणि तो लागला नाही तर? त्याचीही तजवीज झाली. ध्वनिक्षेपकावर यंत्रातला तंबोरा सोडायचा, म्हणजे लोकांना तोच ऐकू येईल. सगळ्यांना ही युक्ती फार गोड वाटली. खोटं कशाला बोलू, मलाही वाटली.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी अप्पांनी मला घरी बोलावलं. दोन्ही तंबोरे समोर आडवे ठेवलेले. म्हणाले, "मणी सरकलेत. मी ठेवतो तिथे परत कधीच नसतात. का?" मोतीबिंदू काढल्यापासून डोळे लख्ख होते ना त्यांचे! मी ठोकून दिलं की गाणारीनं ऐनवेळी पट्टी बदलली. त्यांनी मान डोलावली आणि नातसुनेला, मनीषाला, माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं. तो चहा अर्धा टाकून मी निघाले.

तीन दिवस मी कसेबसे काढले. ज्या माणसानं मला खोटी तार ओळखायला शिकवलं, त्यालाच मी खोट्या तंबोऱ्यापुढे बसवणार होते. सत्काराच्या सकाळी त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. कान, दोन वर्षं, पडदा, यंत्र, सगळं. अप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतके दिवस मी बेसूर वाद्य आणून ठेवत होतो आणि तुम्ही मला शाल पांघरत होतात. मी येणार नाही." मनीषानं समजावलं, मी रडले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी सभागृह भरलं. आता अध्यक्षांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मनीषाचा हात धरून अप्पा आले. कोट घातलेला, चेहरा रागीटच. मंचावर त्यांना सत्काराची शाल घातली गेली आणि मांडीवर तंबोरा ठेवला गेला. त्यांनी माईक मागून घेतला. "गेली दोन वर्षं मी लावलेले तंबोरे बेसूर होते. ही पोरगी मागे जाऊन ते नीट करायची. आज तिनं सगळ्यांसमोर लावावा. आणि ते यंत्र बंद करा."

मी तंबोरा घेऊन त्यांच्यासमोर बसले.  खुंटी पिळत एकेक तार छेडू लागले. अप्पांना त्यातलं फारसं काही ऐकू येत नव्हतं, ते नुसते माझ्या बोटांकडे पाहत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, अध्यक्ष खाकरले. अप्पा पुढे वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "लागला का?"

हो म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. टाळ्या पडल्या असत्या, आणि अप्पांना काय, कधी कळलंही नसतं.

"नाही अप्पा," मी मोठ्यानं म्हटलं, "पंचम अजून उतरलेला आहे."

दिवसभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावरचा राग निवळला. त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली आणि ऐसपैस मांडी घातली.

"मग लाव की," ते म्हणाले. "मी बसलोय."